कानावर काही पडत नाही तेव्हा: दूरच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ऑफिसात बसून काम करणाऱ्याला निम्म्या गोष्टी कुणी शिकवलेल्या नसतात, त्या कानावर पडलेल्या असतात. मागच्या टेबलावरून कुणीतरी फोनवर म्हणतं, "अरे, ते सर्टिफिकेट मंगळवारी संपतंय," आणि तुमचं लक्ष नसलं तरी ते डोक्यात राहतं. चहाच्या टपरीवर कळतं की अमुक क्लायंटला शुक्रवारी रिलीज दिलेलं चालत नाही. घरून काम करणाऱ्याच्या कानावर यातलं काहीच पडत नाही. पडतो तो फक्त कुकरचा आवाज.

सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका टीमसाठी काम सुरू केलं, तेव्हा दुसऱ्याच महिन्यात माझे तीन दिवस एका एररमध्ये गेले. टेस्ट सर्व्हरचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, एवढंच कारण होतं. पुण्यात बसणाऱ्या चौघांना ते ठाऊक होतं, कारण एक तारखेला त्यांच्यापैकी कुणीतरी मोठ्यानं विचारायचं आणि कुणीतरी टेबलापलीकडून सांगायचं. माझ्यापासून कुणी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट "सगळ्यांना माहीत" होती, म्हणून सांगायची राहिली आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अंतराचा हा परिणाम जुनाच आहे. एमआयटीतले थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअरांच्या बसायच्या जागा आणि त्यांचं आपसातलं बोलणं यांचा संबंध मोजला होता. टेबलं जशी लांब जातात तसं बोलणं झपाट्यानं घटतं. साधारण ५० मीटरच्या पुढे ते इतकं कमी होतं की माणूस पलीकडच्या इमारतीत असला काय आणि पलीकडच्या गावात असला काय, फारसा फरक उरत नाही. २०२० मध्ये सगळेच घरी गेले तेव्हा काय झालं, याचा मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास पुढच्या वर्षी 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये आला. आपापल्या गटातलं बोलणं घट्ट झालं, पण एका गटाला दुसऱ्याशी जोडणारे धागे कमी झाले. समोरासमोरचं बोलणं घटून ईमेल आणि चॅट वाढले. म्हणजे नव्या माणसाला सगळ्यात जास्त ज्यांची गरज असते, तेच दुवे आधी तुटतात.

आणि म्हणून ते दुवे आपल्याला मुद्दाम बांधावे लागतात. कसे, ते पायरीपायरीनं सांगते.

पहिला आठवडा: कोणाला काय येतं, याची वही करा

पहिल्या आठवड्यात कामाचा डोंगर समजून घ्यायच्या फंदात पडू नका. आधी माणसं समजून घ्या. एक साधी वही किंवा फाइल करा आणि तीन गोष्टी लिहा: नाव, त्याच्याकडे कशाची माहिती आहे, आणि तो कुठे व किती वाजता सापडतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकात हे फार नेमकं मांडलं होतं. एकत्र राहणारी माणसं सगळं स्वतः लक्षात ठेवत नाहीत, कोणती गोष्ट कोणाच्या लक्षात आहे एवढंच लक्षात ठेवतात. घरात विम्याची पॉलिसी कुठे आहे ते बाबांना आणि कुठल्या मावसबहिणीला कशाची ॲलर्जी आहे ते आईला ठाऊक असतं. बाकीच्यांना फक्त कोणाला विचारायचं ते कळतं. तुम्ही टीममध्ये नवे आहात म्हणजे तुमच्याकडे हा नकाशाच नाही.

तो मिळवायला प्रत्येकाकडे पंधरा मिनिटांचा कॉल मागा. सात-आठ जणांची टीम असेल तर आठवड्यात होतं. विचारायचे प्रश्न तीनच: तुम्ही सध्या काय बघता? लोक तुमच्याकडे नेहमी काय विचारायला येतात? आणि मी आणखी कोणाशी बोलावं? तिसरा प्रश्न विसरू नका. टेस्टिंगवाले, सपोर्टवाले, दुसऱ्या टीममधला डेटाबेस सांभाळणारा, अशी ऑर्गचार्टवर न दिसणारी नावं त्याच प्रश्नातून निघतात.

त्याच आठवड्यात: घड्याळ आणि कॅलेंडर

टीम परदेशातही असेल तर हे आधी पक्कं करा. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. आपण घड्याळ हलवत नाही, ते हलवतात, आणि तेही एका दिवशी नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. घड्याळ परत मागे घेताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मार्चमधले ते दोन-तीन आठवडे आणि शरदातला तो एक आठवडा तिन्ही देशांच्या टीमचे कॉल हमखास चुकतात. कॅलेंडरमध्ये आजच खूण करून ठेवा.

वेळ लिहिताना नुसतं "आयएसटी" लिहू नका. आयर्लंडच्या वेळेलाही तेच म्हणतात. "भारतीय वेळ संध्याकाळी ७" असं सरळ लिहा. तारीखही महिन्याचं नाव घालून लिहा. ०४/०५ म्हणजे आपल्याला ४ मे, अमेरिकेतल्या माणसाला ५ एप्रिल. गणपती, दिवाळी, त्यांचा ईस्टर, नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा थँक्सगिव्हिंग, सगळं एका सामायिक कॅलेंडरवर असावं. नसेल तर तुम्ही करा. नव्या माणसानं केलेलं असं काम सगळ्यांना आवडतं.

भारनियमन, पावसाळ्यात तुटणाऱ्या तारा, वळवाच्या पावसात जाणारं नेट, हेही लपवू नका. "आमच्याकडे गुरुवारी दुपारी लाइट जाते, मी चारनंतर असेन," हे आधी सांगितलं की ती माहिती होते. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

दुसरा आठवडा: प्रश्न विचारायला शिका

सगळ्यात जास्त लोक इथेच अडखळतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडच्या पोरापोरींची पहिली अडचण इंग्रजी नसते, संकोच असतो. शाळेत हात वर करून "कळलं नाही" म्हणणाऱ्याकडे वर्ग वळून बघायचा, ते मनात बसलेलं असतं. समोरासमोर असताना निदान चेहरा बघून अंदाज येतो. लिहिलेला प्रश्न मात्र चॅनलवर, म्हणजे टीमच्या सामायिक चॅटवर, कायमचा राहणार, मॅनेजर वाचणार, क्लायंट वाचणार, या धास्तीनं माणूस गप्प बसतो किंवा एका ओळखीच्या मराठी सहकाऱ्याला खासगी मेसेज करतो. तो सहकारी उत्तर देतो, काम भागतं. पण तेच उत्तर महिन्याभरात आणखी चौघं त्याच्याकडून खासगीत घेतात, आणि टीमच्या हाती काही लागत नाही. प्रश्न वैयक्तिक नसेल तर तो सगळ्यांच्या चॅनलवरच विचारा. तुमचा प्रश्न पुढच्या माणसाचं उत्तर असतो, हे मी खात्रीनं सांगते.

दुसरी सवय मोडा: "हाय सर" एवढंच लिहून वाट बघत बसायची. समोरचा माणूस तीन तासांनी "हाय" म्हणतो, तेव्हा तुम्ही जेवायला गेलेले असता. अख्खा दिवस जातो. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं लिहा. असं:

"ऑर्डरच्या रिपोर्टमध्ये मार्चची बेरीज ४० ओळींनी कमी येते आहे. काल दुपारी ३ पर्यंतचा (भारतीय वेळ) डेटा घेतला आहे. परताव्याच्या नोंदी गाळून पाहिल्या, फरक तसाच राहिला. माझा अंदाज आहे की रद्द झालेल्या ऑर्डरी इथे वगळल्या जातात. ते बरोबर आहे का? उद्या सकाळपर्यंत उत्तर आलं तरी चालेल, तोवर मी एप्रिलचं काम पुढे नेते."

यात काय दिसतंय, काय करून पाहिलं, काय वाटतं, नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत हवं, हे सगळं आलं. शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. झोपेतून उठून मेसेज वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की घर पेटलेलं नाही. आणि विचारण्याआधी किती झगडायचं याची मर्यादा ठरवा. मी नव्यांना पाऊण तास सांगते. त्याआधी विचारलं तर स्वतः शोधायची सवय लागत नाही, त्यानंतर गप्प राहिलं तर माझ्यासारखे तीन दिवस जातात.

इंग्रजीतल्या दोन शब्दांना जपा. आपण शंका या अर्थानं सर्रास "आय हॅव अ डाउट" म्हणतो. अमेरिकेतल्या माणसाला वाटतं, तुमचा त्याच्या कामावर विश्वास नाही. "क्वेश्चन" म्हणा. आणि उत्तर द्या या अर्थानं "प्लीज रिव्हर्ट" कधीही लिहू नका. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं, आणि कुणीतरी खरंच मागे घेईल.

प्रश्न आणि चुका मोकळेपणानं बोलल्या जातात की नाही, यावर टीमचं सगळं शिकणं अवलंबून असतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांतल्या टीमांचा अभ्यास केला. चांगल्या टीमांमध्ये औषधांच्या चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं, पण आकडे उलटे आले. नंतर उलगडा झाला की चांगल्या टीममध्ये लोक चुका सांगत होते आणि बाकी ठिकाणी दडवत होते. दूरस्थ टीममधलं एक ठळक उदाहरण गिटलॅबचं आहे. ही कंपनी सुरुवातीपासून जगभर विखुरलेली. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच पुसला गेला आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी सगळ्या जगाला वाचता येतील अशा उघड्या ठेवल्या, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणही केलं, आणि त्या इंजिनिअरवर खापर न फोडता बॅकअपच्या पद्धतीत काय चुकलं ते लिहून काढलं. तुमच्या हातून चूक झाली तर पहिल्या दहा मिनिटांत चॅनलवर लिहा. जितका उशीर, तितकी दुसऱ्या देशातली माणसं चुकीच्या गृहीतावर काम करत राहतात.

शांततेचा अर्थ लावू नका, विचारा

कॅथरीन क्रॅम्टन यांनी विद्यार्थ्यांच्या १३ विखुरलेल्या टीमांचा पत्रव्यवहार तपासून २००१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातली एक गोष्ट मला रोज आठवते. दूरच्या माणसाची शांतता प्रत्येकानं वेगळी वाचली होती. कुणाला ती संमती वाटली, कुणाला नकार. प्रत्यक्षात तो माणूस गावाला गेला होता, किंवा मेल पोहोचलाच नव्हता, किंवा उत्तर अपेक्षित आहे हेच त्याला कळलं नव्हतं. आणि परिस्थिती दिसत नसल्यामुळे सगळे दोष माणसाला देत होते: आळशी आहे, बेजबाबदार आहे.

त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक कामाला पोच द्या, आणि ती स्पष्ट द्या. आपलं "बघतो" फार लवचिक आहे. त्यात "करीन"ही असतं, "जमलं तर"ही असतं आणि सौजन्यानं दिलेला नकारही असतो. कोल्हापुरातल्या माणसाला ते सुरावरून कळतं, म्युनिकमधल्या माणसाला ते इंग्रजीत कसं कळावं? "गुरुवारी देते", "या आठवड्यात जमणार नाही" किंवा "वाचलं, अजून विचार करते आहे", यांपैकी एक लिहा. कॉलवर वरिष्ठांना नाही म्हणायला जीभ वळत नसेल तर नंतर लेखी म्हणा, पण त्याच दिवशी.

दुसऱ्याची शांतता असेल तर एका कामाच्या दिवसानंतर त्याच थ्रेडमध्ये आठवण करा. तरी उत्तर नाही आलं तर फोन करा. तिसऱ्या दिवशीही मनातल्या मनात त्याच्याशी भांडत बसू नका.

हँडओव्हर लिहिताना

तुमचा दिवस संपताना दुसऱ्या देशात कुणाचा तरी सुरू होत असेल तर रोज पाच ओळींचा हँडओव्हर लिहा: काय झालं, काय अडलं, कशाला हात लावू नये, पुढचं पाऊल कोणाचं. आकड्यांशेजारी एकक लिहाच. "लाख", "कोटी" परदेशी सहकाऱ्याला ठाऊक नसतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, हे तुम्ही करून द्या.

हे फार बारीक वाटतं, पण नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच बारीक गोष्टीत गेलं. डेन्व्हरमध्ये यान बनवणाऱ्यांचं सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पाउंडमध्ये देत होतं आणि कॅलिफोर्नियात ते चालवणारी टीम ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या फार जवळून गेलं आणि हरवलं. काहीतरी बिनसतंय असं मार्ग आखणाऱ्यांना आधीच वाटत होतं. पण अडचणी नोंदवायची ठरलेली पद्धत बाजूला राहून त्या ईमेलवर सोडवल्या जात होत्या, असं चौकशीत दिसलं. शंका कोणाला आली यापेक्षा ती कुठे नोंदली गेली, हे किती महत्त्वाचं असतं ते यात दिसतं. चॅटवर ठरलेली गोष्ट तिकिटावर, म्हणजे त्या कामाच्या ठरलेल्या नोंदीत, लिहा. रोज.

केटी: ऐकून सोडून देऊ नका

आयटीत असाल तर पहिल्या महिन्यात तुम्हाला केटी मिळेल, म्हणजे 'नॉलेज ट्रान्सफर', जुन्या माणसानं नव्याला कामाची माहिती देणं. दोन तासांचा कॉल, जुना माणूस भराभर स्क्रीन फिरवतोय, रेकॉर्डिंग चालू. ते रेकॉर्डिंग सहसा कुणी पुन्हा उघडत नाही. म्हणून कॉल संपल्यावर त्याच दिवशी एक पान लिहा आणि सांगणाऱ्याला पाठवा: "मला असं समजलं, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा." दुरुस्त्या येतातच, आणि खरी केटी त्या दुरुस्त्यांमध्ये असते.

तरीही काही गोष्टी सांगून येत नाहीत. आजीला पुरणपोळीचं प्रमाण विचारलं तर ती "अंदाजानं" म्हणते. ती हातचं राखत नसते, तिच्या हाताला ते ठाऊक असतं, तोंडाला नाही. मायकेल पोलान्यी या तत्त्वज्ञानं नेमकं हेच मांडलं होतं: माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त माहीत असतं. असं ज्ञान हवं असेल तर आजीशेजारी ओट्यापाशी उभं राहावं लागतं. म्हणून अनुभवी माणसाला सांगा, "समजावू नका, तुमचं काम करा, स्क्रीन शेअर करा आणि मला बघू द्या." तासभर बघा. त्यानं लॉग उघडताना आधी कुठे नजर टाकली ते विचारा. नंतर उलट करा: तुम्ही करा, त्याला बघू द्या. माझ्या अनुभवात अशा चार तासांना वीस तासांच्या सादरीकरणाची सर येत नाही असं म्हणणारे चुकतात. उलट वीस तासांना या चारांची सर येत नाही.

आणि कागदपत्रांत काही चुकीचं दिसलं तर तिथेच सुधारा. जुन्या माणसांना ती खोट दिसत नाही, कारण ते ती पानं वाचतच नाहीत. तुमची नवी नजर साधारण दोन महिने टिकते, तेवढ्यात जमेल तितकं लिहून घ्या.

लोक माहिती का राखून ठेवतात

कधी कधी खरंच कुणीतरी हातचं राखतं. त्यामागे बहुतेक वेळा भीती असते: आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांना कळलं तर आपली गरज काय उरणार? किंवा जुनी जखम असते, त्यानं सांगितलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं. यावर मला माहीत असलेला एकच उपाय म्हणजे श्रेय. कुणाच्या मदतीनं प्रश्न सुटला ते डेमोत, तिकिटावर, मॅनेजरच्या देखत नाव घेऊन सांगा. पुढच्या वेळी तो माणूस आपणहून बोलतो.

विश्वासाचंही तसंच. सिर्का यार्वेनपा आणि डोरोथी लेडनर यांनी १९९९ मध्ये कधीही न भेटलेल्या आंतरराष्ट्रीय टीमांबद्दल लिहिलं. तिथे विश्वास लवकर बसतो, पण तो नाजूक असतो, आणि तो टिकवणाऱ्या टीमांमध्ये उत्तरं वेळेवर आणि भरवशानं यायची. छोटी आश्वासनं द्या आणि पाळा. बुधवारी म्हटलं तर बुधवारी.

निम्मे ऑफिसात, निम्मे घरी असतील तर

ही सगळ्यात अवघड रचना आहे. मीटिंग रूममधले सहाजण एकमेकांकडे बघून बोलतात, हसतात, फळ्यावर काहीतरी काढतात आणि घरच्यांना कुजबुज ऐकू येते. लीडला विनंती करा की एक जण जरी दूर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन व्हावं आणि फळ्याऐवजी सामायिक पान वापरावं. कॉल संपल्यावर खोलीत जे बोलणं होतं, त्यातच निम्मे निर्णय बदलतात. ते कुणीतरी चॅनलवर टाकावं, एवढं ठरवून घ्या.

आणि जमेल तेव्हा प्रत्यक्ष जा. मी तीन महिन्यांतून एकदा पुण्याला जाते. गेल्यावर लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसत नाही. ज्यांच्याशी सगळ्यात कमी बोलणं होतं त्यांच्या शेजारची खुर्ची घेते, त्यांच्याबरोबर चहाला जाते. दिवसभर कानावर बरंच पडतं. संध्याकाळी स्वारगेटला सांगलीच्या एसटीत बसले की फोनवर ते सगळं लिहून काढते आणि सातारा यायच्या आत टीमच्या पानावर टाकते, कारण त्या दिवशी माझ्यासारखं आणखी कुणीतरी घरी होतं.